एडिटरमध्ये स्क्रीन झक्कास, फोनवर सगळं कोपऱ्यात: लेआउट एडिटर कोणत्या क्रमाने वापरायचा

प्रश्न सारखा एकच येतो. अँड्रॉइड स्टुडिओच्या (अँड्रॉइड अ‍ॅप बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) लेआउट एडिटरमध्ये, म्हणजे माऊसने स्क्रीन मांडायच्या जागेत, स्क्रीन एकदम नीट दिसते, आणि फोनवर रन केली की सगळे टेक्स्ट, बटणं, चौकोन डाव्या वरच्या कोपऱ्यात एकमेकांच्या उरावर बसलेले. मग कोणी सांगतं कॅशे उडव, कोणी सांगतं स्टुडिओ परत टाक, एकाने तर फोनच बदलून बघितला. यातल्या कशानेही काही होत नाही, कारण वस्तू कॅनव्हासवर ठेवणं आणि ती बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि बहुतेक जण पहिलं करून थांबतात.

खालचं सगळं एक्सएमएलवाल्या, म्हणजे मांडणी वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेल्या, स्क्रीनसाठी आहे. मेनूची आणि अ‍ॅट्रिब्यूटची (म्हणजे वस्तूच्या गुणधर्मांची) नावं मी देवनागरीत लिहितोय, तुमच्या स्क्रीनवर ती इंग्रजीत असणार, आणि व्हर्जननुसार एखादं आयकॉन इकडचं तिकडे गेलेलं असेल तर गोंधळू नका.

उदाहरण म्हणून दूध संकलन केंद्राची नोंद करायची स्क्रीन घेऊ. वर सभासदाचं नाव, त्याखाली लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) असे तीन चौकोन एका ओळीत, मग दर आणि रक्कम, आणि तळाला 'नोंद करा' बटण. दिसायला साधी स्क्रीन आहे पण जेवढ्या चुका होतात तेवढ्या सगळ्या हिच्यात होतात.

## टप्पा १: माऊसला हात लावायच्या आधी

पहिली चूक प्रोजेक्ट उघडतानाच होते. नवीन प्रोजेक्ट करताना 'एम्प्टी अ‍ॅक्टिव्हिटी' निवडलं तर आता जेटपॅक कंपोजचा प्रोजेक्ट मिळतो, त्यात लेआउट फोल्डरच नसतो. जुना व्हिडिओ बघून शिकणारे इथेच अर्धा दिवस घालवतात. तुम्हाला 'एम्प्टी व्ह्यूज अ‍ॅक्टिव्हिटी' पाहिजे. कंपोजमध्येही प्रीव्ह्यू असतो पण तिथे स्क्रीन कोडमध्ये लिहायची असते, पॅलेटमधून (तयार वस्तूंच्या यादीतून) ओढून आणायची नसते.

मग कागद घ्या. खरंच कागद. स्क्रीन काढा आणि प्रत्येक वस्तूशेजारी दोन गोष्टी लिहा: ही फोनच्या रुंदीबरोबर ताणली पाहिजे का मजकुराएवढीच राहिली पाहिजे, आणि हिच्यात जास्तीत जास्त किती लांब मजकूर येऊ शकतो. सभासदाचं नाव म्हटल्यावर लोक दोन शब्द धरतात, पण डेअरीच्या रजिस्टरमध्ये नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि कंसात वस्ती एवढं सगळं असतं.

त्यानंतर स्ट्रिंग्ज, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर. सगळी लेबलं आधीच स्ट्रिंग्ज फाइलमध्ये टाका, आणि अ‍ॅप मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असेल तर 'व्हॅल्यूज-एमआर' फोल्डर करून मराठी स्ट्रिंग्जही आत्ताच भरा. नंतर करू म्हटलं की मग इंग्रजी शब्दांच्या मापाने शिवलेला सदरा मराठी शब्दांना घालायची वेळ येते.

तपासा: कागदावर प्रत्येक वस्तूला 'ताणायची' किंवा 'मजकुराएवढी' असं काहीतरी लिहिलंय का? एकालाही नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: एडिटर आधी लावून घ्या

लेआउट फाइल उघडल्यावर वर उजवीकडे कोड, स्प्लिट आणि डिझाइन असे तीन मोड दिसतात. सुरुवातीला स्प्लिट ठेवा. माऊसने काही केलं की शेजारी कोडमध्ये काय लिहिलं गेलं ते लगेच दिसतं, आणि दोन-तीन दिवसांत कळायला लागतं की एडिटर काही जादू करत नाही, नुसता तुमच्या वतीने टाइप करतो. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे थोडं रडतखडत चालतं, पण चालतं. एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) मात्र त्याच वेळी उघडा ठेवू नका.

डिझाइन सरफेसमध्ये 'डिझाइन' आणि 'ब्लूप्रिंट' दोन्ही दाखवायला सांगा (कॅनव्हासवर क्लिक करून बी दाबलं की आलटून पालटून बदलतं). ब्लूप्रिंटमध्ये रंगरंगोटी नसते, नुसत्या चौकटी, त्यामुळे कोण कोणाला बांधलंय हे तिथे जास्त नीट दिसतं.

डिव्हाइस निवडताना यादीतला छोटा फोन घ्या. सगळ्यात महागडा पिक्सेल निवडून त्यावर डिझाइन करणाऱ्यांची स्क्रीन लहान फोनवर मार खाते. छोट्यावर बसवलं की मोठ्यावर निदान कापलं तरी जात नाही.

डावीकडचा कंपोनंट ट्री (स्क्रीनवरच्या सगळ्या वस्तूंची यादी) उघडा ठेवा, तो बंद करून काम करणं म्हणजे दिवा घालवून सुईत दोरा ओवणं.

## टप्पा ३: सांगाडा

रूटला, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या डब्याला, कन्स्ट्रेंटलेआउट (वस्तू एकमेकींना बांधून मांडणारा लेआउट) ठेवा. एम्प्टी व्ह्यूज अ‍ॅक्टिव्हिटीच्या नव्या टेम्प्लेटमध्ये रूटला 'मेन' असा आयडी असतो आणि अ‍ॅक्टिव्हिटीच्या कोडमध्ये तोच आयडी शोधून स्टेटस बार, नेव्हिगेशन बारएवढं पॅडिंग लावलेलं असतं. लोक रूट डिलीट करून स्वतःचा टाकतात, आयडी जातो, मग बिल्ड होत नाही आणि शिव्या एडिटरला. रूट बदललात तरी आयडी तोच द्या.

आपल्या स्क्रीनमध्ये आकडे टाकायचे चौकोन आहेत, म्हणजे कीबोर्ड वर येणार. म्हणून रूटमध्ये दोनच गोष्टी: तळाला बटण, आणि त्याच्या वरची सगळी जागा घेणारा नेस्टेडस्क्रोलव्ह्यू (वरखाली सरकणारा डबा). या स्क्रोलव्ह्यूच्या आत आणखी एक कन्स्ट्रेंटलेआउट, आणि नाव, चौकोन, दर, रक्कम सगळं त्या आतल्यात.

स्क्रोलव्ह्यूला थेट एकच मूल चालतं. दुसरी वस्तू त्यात टाकलीत तर अ‍ॅप उघडताच कोसळेल. आतल्या कन्स्ट्रेंटलेआउटची उंची 'रॅप कंटेंट', म्हणजे आतल्या मजकुराएवढीच, ठेवा.

सावधान: जुना लिनिअरलेआउट (वस्तू एका रांगेत लावणारा लेआउट) असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट' करायची सोय आहे. छोट्या स्क्रीनला ठीक आहे, पण मोठ्या स्क्रीनवर ती विचित्र मार्जिन आणि ठोकळेबाज आकडे टाकून ठेवते आणि ते निस्तरण्यापेक्षा नव्याने करणं लवकर होतं.

## टप्पा ४: वस्तू आणा, नावं द्या, आणि हात आवरा

पॅलेटमधून वस्तू ओढून कॅनव्हासवर टाकण्यापेक्षा थेट कंपोनंट ट्रीमध्ये टाका. कॅनव्हासवर टाकताना ती चुकून बाहेरच्या लेआउटमध्ये पडते आणि तुम्हाला वाटतं आत पडली.

आली की लगेच आयडी बदला. टेक्स्टव्ह्यू७, एडिटटेक्स्ट३ असली नावं राहिली की बांधताना कोणाला कोणाशी जोडतोय हे कळत नाही. नंतर बदलायचा झाला तर रीफॅक्टरनेच बदला, म्हणजे बाकी ठिकाणचे संदर्भही बदलतात.

लिटर, फॅट, एसएनएफ या चौकोनांना इनपुट टाइप 'नंबर डेसिमल' आत्ताच लावा. मी हे नेहमी नंतरसाठी ठेवायचो आणि नेहमी विसरायचो.

वर टूलबारमध्ये चुंबकाचं आयकॉन आहे, ऑटोकनेक्ट. ते बंद असू द्या. चालू असेल तर टाकलेली वस्तू आजूबाजूला स्वतःच अंदाजाने बांधली जाते. जादूच्या छडीचं आयकॉन म्हणजे इन्फर कन्स्ट्रेंट्स, ते तर अख्ख्या स्क्रीनचा अंदाज बांधतं. तो अंदाज आत्ता जे दिसतंय त्यावरून असतो, तुमच्या मनात काय आहे ते त्याला काय माहीत. शिकताना दोन्हीपासून लांब राहा.

## टप्पा ५: बांधणी

इथे वेळ द्या, बाकी कुठे वाचवला तरी चालेल.

कोणतीही वस्तू सिलेक्ट केली की चारही बाजूंना गोल टिंब दिसतात. टिंब धरून दुसऱ्या वस्तूच्या किंवा पेरेंटच्या (ज्या डब्यात ती आहे त्याच्या) कडेपर्यंत ओढलं की कन्स्ट्रेंट, म्हणजे बांधणीची दोरी, लागतो. नियम एवढाच की प्रत्येक वस्तूला आडवा निदान एक आणि उभा निदान एक कन्स्ट्रेंट पाहिजे. नसेल तर रन झाल्यावर ती शून्य-शून्यावर, म्हणजे त्या कोपऱ्यात जाते. एडिटरमध्ये मात्र ती जागच्या जागी दिसते कारण एडिटरने 'टूल्स'ने सुरू होणारे अ‍ॅबसोल्यूट एक्स आणि अ‍ॅबसोल्यूट वाय असे दोन आकडे गुपचूप लिहून ठेवलेले असतात, आणि टूल्सवालं सगळं बिल्ड होताना गळून जातं. फोनला ते कधी मिळतच नाही. अर्धं जग इथे अडकतं.

क्रम असा ठेवा:

१. आधी बाहेरचं. बटण तळाशी पेरेंटला, दोन्ही बाजूंना पेरेंटला. स्क्रोलव्ह्यूची वरची कड पेरेंटला, खालची कड बटणाच्या वरच्या कडेला, उंची शून्य डीपी (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं मापाचं एकक).

२. मग आतलं, वरून खाली. नाव पेरेंटच्या वरच्या कडेला, चौकोन नावाच्या खालच्या कडेला, दर चौकोनांच्या खाली. मधूनच एखादी वस्तू बांधायला घेतली की साखळी तुटते.

३. उभी बांधणी पूर्ण झाली की आडवी.

रुंदीचं बघा. अ‍ॅट्रिब्यूट्स पॅनेलमध्ये वर एक चौकोनी आकृती असते, तिच्यातल्या रेषांवर क्लिक करत गेलं की प्रकार बदलतो. आत वळलेले बाण म्हणजे मजकुराएवढं, सरळ रेषा म्हणजे ठरलेलं माप, आणि स्प्रिंगसारखी नागमोडी रेषा म्हणजे 'मॅच कन्स्ट्रेंट', जे कोडमध्ये शून्य डीपी म्हणून दिसतं. शून्य डीपी बघून लोक घाबरतात आणि बदलतात. बदलू नका, त्याचा अर्थ 'दोन्ही कन्स्ट्रेंटच्या मधली सगळी जागा घे' असा आहे. कन्स्ट्रेंटलेआउटच्या आतल्या वस्तूंना 'मॅच पेरेंट' देऊ नका, तिथे शून्य डीपी आणि दोन्ही बाजू पेरेंटला.

सभासदाचं नाव 'रॅप कंटेंट' ठेवून दोन्ही बाजूंनी बांधलं तरी लांब नाव कन्स्ट्रेंटच्या बाहेर पळतं. त्यासाठी एकतर शून्य डीपी करा, किंवा 'कन्स्ट्रेन्ड विड्थ' ट्रू करा.

तीन चौकोनांसाठी चेन, म्हणजे एकमेकांना दोन्ही बाजूंनी बांधलेल्या वस्तूंची साखळी. तिन्ही सिलेक्ट करा, राइट क्लिक, चेन्स, हॉरिझाँटल. मग तिन्हींची रुंदी शून्य डीपी केली की समान वाटणी होते. चेनचे प्रकार तीन: स्प्रेड, स्प्रेड इनसाइड, पॅक्ड. रुंदी शून्य केल्यावर मोकळी जागाच उरत नाही, त्यामुळे स्प्रेड का पॅक्ड हा वाद आपल्या स्क्रीनपुरता फुकटचा आहे. उभ्या दिशेला पहिला चौकोन नावाला बांधा आणि उरलेले दोन पहिल्याच्या बेसलाइनला (अक्षरं ज्या रेषेवर बसतात तिला).

दर आणि रक्कम ही दोन लेबलं डावीकडे, आकडे उजवीकडे. आकडे 'दर'ला बांधले तर 'रक्कम' लांब असल्याने चिकटते, 'रक्कम'ला बांधले तर दुसऱ्या भाषेत दुसरंच लेबल लांब निघू शकतं. इथे बॅरियर (फोनवर न दिसणारी रेषा) घ्या, दोन्ही लेबलं त्यात टाका, दिशा 'एंड', आणि आकडे बॅरियरला बांधा. जे लेबल मोठं असेल त्याच्या पुढे बॅरियर आपोआप सरकतो. लेबलं स्वतः मात्र बॅरियरला बांधू नका, मांजर स्वतःची शेपूट धरायला जातं तसं होतं.

दिशा निवडताना लेफ्ट-राइट ऐवजी स्टार्ट-एंड. उर्दूसारख्या उजवीकडून लिहायच्या भाषेत अ‍ॅप गेलं तर स्क्रीन आपोआप उलटते, आणि दोन्ही मिसळले तर अर्धीच उलटते.

एक शेवटची खोच. चूक झाल्याचा संदेश दाखवणारा टेक्स्ट तुम्ही 'गॉन' (पूर्ण गायब) करून ठेवता ना, तो गॉन झाला की त्याचा आकार शून्य आणि त्याचं स्वतःचं मार्जिनही शून्य धरलं जातं, आणि खालच्या वस्तू वर सरकतात. बांधलेली मात्र राहतात. सरकल्यावर अंतर कमी वाटलं तर खालच्या वस्तूला 'गॉन मार्जिन' द्या.

तपासा: कंपोनंट ट्रीमध्ये कुठे लाल खूण आहे का? असेल तर क्लिक करा, आडवा कन्स्ट्रेंट नाही का उभा नाही ते तिथेच लिहिलेलं असतं. लाल खूण ठेवून रन करणाऱ्याला मी आता उत्तर देत नाही.

## टप्पा ६: खोटा डेटा, पण खोट्याच्या जागी

प्रीव्ह्यू रिकामा दिसतो म्हणून लोक टेक्स्ट अ‍ॅट्रिब्यूटमध्येच नमुना नाव आणि आकडे लिहितात. मीही लिहायचो. एकदा तसंच अ‍ॅप दिलं गेलं, आणि नेट हळू असलेल्या गावात खरा डेटा येईपर्यंत प्रत्येक सभासदाला माझ्या मित्राचं नाव आणि ४२ लिटर दूध दिसायचं. फोन आले ते वेगळेच.

नमुना मजकूर 'टूल्स टेक्स्ट'मध्ये लिहा. अ‍ॅट्रिब्यूट्स पॅनेलमध्ये टेक्स्टच्या खाली पान्याचं चिन्ह असलेली दुसरी ओळ असते, तीच. ती फक्त प्रीव्ह्यूला दिसते, फोनला नाही. तसंच 'टूल्स व्हिजिबिलिटी'ने लपवलेला चूक झाल्याचा संदेश प्रीव्ह्यूमध्ये उघडा करून बघता येतो, आणि यादी असेल तर रिसायकलरव्ह्यूला 'टूल्स लिस्टआयटम' दिलं की खऱ्या ओळी दिसायला लागतात.

आणि नमुना टाकताना गोंडस छोटं नाव टाकू नका, टप्पा १ मध्ये कागदावर लिहिलेलं सगळ्यात लांबडं नाव टाका. रक्कम पण पाच आकडी.

## टप्पा ७: प्रीव्ह्यूला छळा

नुसता एक प्रीव्ह्यू बघून समाधान मानू नका. वरच्या टूलबारमधून एकेक बदला आणि प्रत्येक वेळी थांबून बघा:

- भाषा मराठी. 'व्हॅल्यूज-एमआर' असेल तरच यादीत मराठी दिसेल.
- आडवा फोन. आपलं स्क्रोल नीट बसलं असेल तर बटण तळाशी आणि वरचं सरकतं.
- नाइट मोड. रंग थेट हेक्समध्ये (रंगाच्या कोड आकड्यात) लिहिले असतील तर काळ्यावर काळं दिसेल. थीमचे रंग वापरा.
- मोठा फाँट. अँड्रॉइड १४ पासून सेटिंगमध्ये अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात आणि संकलन केंद्रावर बसणारे काका ती करतातच.

उजव्या बाजूला लेआउट व्हॅलिडेशन नावाची खिडकी आहे, तिच्यात एकाच वेळी वेगवेगळी डिव्हाइस, वेगवेगळे फाँट आकार आणि रंगांधळेपणाचे प्रकार शेजारी शेजारी दिसतात. फुकट आहे आणि कोणी उघडत नाही.

देवनागरीचं वेगळं सांगतो. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो. टेक्स्टला किंवा बटणाला ठरलेली उंची दिली की इंग्रजीत काही कळत नाही आणि मराठीत 'र्कीं'सारखं काही आलं की टोपी उडते. उंची रॅप कंटेंट ठेवा आणि बटणाला मिनिमम हाइट ४८ डीपी द्या, बोटाला तेवढी जागा लागतेच. 'इन्क्लूड फाँट पॅडिंग' फॉल्स करायचा सल्ला कुठेकुठे मिळतो, जागा वाचते म्हणून. मराठीत वापरायचा असेल तर वेलांटी आणि अनुस्वार डोळे फाडून तपासा. आणि अक्षरांचं माप एसपीमध्ये, डीपीमध्ये नाही, नाहीतर काकांनी कितीही फाँट वाढवला तरी अक्षर तेवढंच.

प्रीव्ह्यू कोरा किंवा करडा असेल तर: आधी प्रोजेक्ट बिल्ड करा. मग टूलबारमधली थीम बघा, मटेरियलचं (गूगलच्या डिझाइन पद्धतीचं) बटण वापरलंय आणि थीम मटेरियलची नाही असं बरेचदा असतं. स्वतः लिहिलेला कस्टम व्ह्यू असेल तर तो बनतानाच डेटाबेस किंवा नेट मागतोय का बघा, एडिटरकडे यातलं काही नसतं. तिथे 'इज इन एडिट मोड' तपासून ते काम टाळा.

## टप्पा ८: आता फोन

दोन गोष्टी प्रीव्ह्यूमध्ये कळत नाहीत: कीबोर्ड, आणि स्क्रीनच्या कडा.

टार्गेट एसडीके (ज्या अँड्रॉइडसाठी बनवलंय त्याचा आकडा) ३५ असलेलं अ‍ॅप अँड्रॉइड १५ वर चाललं की ते मुळातच कडेपासून कडेपर्यंत पसरतं, म्हणजे तळाचं बटण जेश्चरच्या पट्टीखाली जाऊ शकतं. टेम्प्लेटमधला तो पॅडिंगचा कोड याचसाठी आहे. पण त्यात फक्त सिस्टिम बार्स धरलेले असतात, कीबोर्ड नाही. त्यामुळे फॅट टाकायला गेलं की बटण कीबोर्डखाली गडप. त्याच ओळीत सिस्टिम बार्सच्या जोडीला आयएमई (म्हणजे कीबोर्ड) हा प्रकारही जोडा, आणि मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती असलेल्या फाइलमध्ये) सॉफ्ट इनपुट मोड 'अ‍ॅडजस्ट रिसाइझ' ठेवा.

फोनवर काही वेगळं दिसलं तर अंदाजाने मार्जिन कमीजास्त करत बसू नका. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'शो लेआउट बाउंड्स' चालू केलं की प्रत्येक वस्तूची खरी चौकट दिसते, आणि त्याने नाही कळलं तर स्टुडिओमधला लेआउट इन्स्पेक्टर लावा, तो चालू अ‍ॅपमधल्या खऱ्या किमती दाखवतो.

हे सगळं बसल्यावरच आडव्या फोनसाठी किंवा टॅबलेटसाठी वेगळी लेआउट फाइल करायची. एडिटरमधूनच 'लँडस्केप क्वालिफायर' किंवा 'टॅबलेट क्वालिफायर' निवडलं की आत्ताच्या फाइलची प्रत तयार होते, टॅबलेटची ६०० डीपीच्या फोल्डरात जाते. घाई करून आधीच प्रत काढलीत तर पुढची प्रत्येक दुरुस्ती दोनदा, तीनदा. आणि प्रत काढल्यावर तिच्यातला एखादा चौकोन नको म्हणून उडवलात तर कोड तो आयडी शोधणार, सापडणार नाही, आणि फोन आडवा केला की अ‍ॅप बंद. उडवू नका, गॉन करा.